साबणाचा सदुपदेश

जाहिरात पाहून डोळ्यांत पाणी येणारा माणूस बँकेत काउंटरवर बसायला लायक नाही, असं आमच्या हेडकॅशियरांचं मत आहे. पण येतं मला, त्याला मी काय करू?

परवा लेकीनं मोबाईलवर एरियलची 2016 सालची जाहिरात दाखवली. बाप मुलीकडे आलाय. ती ऑफिसातून येते, फोनवर बोलत पसारा आवरते, स्वयंपाक करते, मशीन लावते, जावईबापू टीव्हीसमोर. बापाला उमगतं, हे सारं हिनं आपल्याच घरी पाहिलं. तो चिठ्ठी लिहून माफी मागतो आणि घरी जाऊन कपडे मशीनमध्ये टाकतो. मला हुंदका आवरेना. आतून सौ. म्हणाली, "अहो, रडून झालं असेल तर तो रुमाल मशीनमध्ये टाका. आणि बटणही दाबा."

बटण कुठलं, हे मला अठरा वर्षांच्या संसारात ठाऊक नव्हतं!

अश्रू वाळले की माझ्यातला बी. कॉम. जागा होतो. उपदेश करतंय कोण? साबणवाला! बायकोनं पावडर ओतली काय, नवऱ्यानं ओतली काय, त्याला सारखंच. उलट नवरा जरा जास्तच ओतणार!

आणि याच पडद्यानं पूर्वी काय शिकवलं? ऐंशीच्या दशकात सर्फच्या ललिताजी आल्या. बाई मोठ्या करारी, हिशेबाला पक्क्या. पण श्रीयुत ललिताजी काही बादलीपाशी दिसले नाहीत. 1975 साली आलेल्या फेअर अँड लव्हलीच्या जाहिरातींत सावळ्या मुलीला ना नोकरी ना स्थळ; ट्यूब चोळली की दोन्ही हजर. 2014 साली जाहिरात मानक परिषदेनं बजावलं, सावळी माणसं दुःखी नि अपयशी दाखवू नका. 2020 साली नावातलं 'फेअर' गेलं, 'ग्लो' आलं. आधी न्यूनगंड विकला, मग अभिमान. बिल दोन्ही वेळा आपल्याच नावावर.

अर्ध्या मिनिटात माणसं ओळखू यायची, म्हणून साचे लागतात, हे मला कळतं. कारकून म्हटला की चष्मा नाकावर आणि 'जेवणाची सुट्टी' ओठांवर. या साच्याचा मला भयंकर राग येतो. बादलीपाशी बसवलेल्या बाईचा मात्र कधी आला नव्हता. तिथं कसं, सगळं नैसर्गिक वाटायचं!

मग स्वार्थापोटी केलेला सदुपदेश खरा की खोटा? कॅशियर नोट खरी आहे का ते बघतो. आणणाऱ्याचं मन बघत नाही. घरातलं काम वाटून घ्यावं, ही नोट खरीच आहे, मग ती साबणवाल्यानं का आणेना. घोटाळा पुढे आहे. ती नोट हातात घेऊन मी नुसता रडतो आणि रडलो म्हणजे धुतलं, अशी खोटी जमा स्वतःच्या खात्यात टाकतो. संध्याकाळी ताळा जुळत नाही, कारण कपडे तसेच पडलेले असतात.

शेवटी उठलो. तीन बटणं चुकीची दाबली, चौथं लागलं. माझे दोन पांढरे शर्ट गुलाबी निघाले. सौ. काही बोलली नाही, हेच विशेष.

लेक दारात उभी राहून सारं पाहत होती. त्या जाहिरातीतल्या मुलीनंही लहानपणी असंच पाहिलं असणार. तेव्हापासून मशीन मी लावतो. शर्ट गुलाबीच घालतो.