कबुलीजबाबाचें मोल

११ जुलै २००६ रोजीं संध्याकाळीं मुंबईंत पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत कांहीं मिनिटांच्या अंतरानें सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसें घरीं परतलीं नाहींत. त्या प्रकरणीं खास न्यायालयानें सन २०१५ मध्यें बारा जणांस दोषी ठरविलें. पांचांस फांशी आणि सातांस जन्मठेप सांगितली. पुढें २१ जुलै २०२५ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें त्या बाराही जणांच्या शिक्षा रद्द केल्या. त्याच संध्याकाळीं माझे एक जुने स्नेही माझ्याकडे आले. त्यांचा धाकटा भाऊ त्या गाड्यांपैकीं एकींत होता. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. समोरचा चहा निवून गेला. मग म्हणाले, “प्रोफेसर, तुम्ही आयुष्यभर मुलांना मिल्ल शिकविलात. आतां मला एवढेंच सांगा, तुमचे हे मानवी हक्क आहेत तरी कोणाचे? आमच्या माणसाला कांहींच हक्क नव्हता का?”

त्या दिवशीं मीं त्यांस उत्तर दिलें नाहीं. ज्याची जखम पुन्हां उघडी पडली आहे त्याच्याशीं वाद घालूं नये, एवढा विवेक वयानें तरी शिकविला आहे. परंतु प्रश्न मनांतून जाईना. तो एकट्या त्यांचा नव्हता. जेथें जेथें लोकशाही राज्याची दहशतवादाशीं गांठ पडली आहे, तेथें तेथें सज्जन आणि दुःखी माणसांनीं तो विचारला आहे. ‘हक्क पवित्र आहेत’ असें म्हणून त्यांची बोळवण करणें हा पंडितांचा आळस होय.

अशा वेळीं तराजूची उपमा नेहमीं पुढें केली जाते. एका पारड्यांत समाजाची सुरक्षितता, दुसऱ्यांत आरोपीचे हक्क. एक वर गेलें कीं दुसरें खालीं आलेंच. कांहीं बाबतींत ही उपमा खरी आहे. विमानतळावर आपण मुकाट्यानें झडती देतों, स्थानकावर पिशवी उघडून दाखवितों. तेथें थोडें स्वातंत्र्य देऊन थोडी निर्भयता घेतली जाते आणि त्या व्यवहाराविषयीं कोणाची तक्रार नसते. परंतु कोठडींत मार न खाण्याचा, स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ति न होण्याचा, वकील मिळण्याचा, हे हक्क पारड्यांत घालण्याचे जिन्नस नव्हेत. ते त्या तराजूची दांडी आहेत. दांडीच वांकविली तर कोणत्या पारड्यांत किती वजन पडलें हें कळण्यास मार्ग उरत नाहीं.

आपल्या देशांतील पुराव्याच्या कायद्याचा इतिहास या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे. पोलिसापुढें दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरतां येत नाहीं, हा नियम येथें प्रथम सन १८६१ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांत आला आणि सन १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या पंचविसाव्या कलमांत कायम झाला. हा नियम करणारे राज्यकर्ते परके होते, आणि हिंदुस्थानांतील आरोपींविषयीं त्यांस विशेष कळवळा होता असें कोणी म्हणणार नाहीं. त्यांनीं तो केला तो अनुभवामुळें. मद्रास इलाख्यांत चालणाऱ्या छळासंबंधींचा १८५५ चा अहवाल त्यांच्यापुढें होता. १८७२ च्या कायद्याचा कर्ता जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यानें पुढें आपल्या ग्रंथांत एका अनुभवी अधिकाऱ्याचें मत नमूद करून ठेविलें आहे. पोलिस छळ करतात तो नेहमीं क्रौर्यामुळेंच असें नाहीं; उन्हांतान्हांत हिंडून पुरावा गोळा करण्यापेक्षां सावलींत बसून एखाद्या गरिबाकडून कबुली काढणें सोपें असतें, असा त्या मताचा आशय आहे. मला हें मत फार मार्मिक वाटतें. कबुलीवर विसंबणारा तपास आळशी होतो, आणि आळशी तपासास सत्य सांपडत नाहीं. म्हणूनच तो नियम स्वतंत्र भारतानेंही टाकला नाहीं. सन २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमांतही तो आहे.

या नियमास अपवाद झाले ते भीतीच्या काळांत. पंजाब पेटला असतां ‘टाडा’ आला आणि त्याच्या १९८७ च्या कायद्यानें वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्यापुढील कबुली पुराव्यांत ग्राह्य ठरविली. त्या कायद्याची मुदत १९९५ सालीं संपली. १३ डिसेंबर २००१ रोजीं संसदेवर हल्ला झाला आणि पुढल्या वर्षीं ‘पोटा’ कायदा संमत झाला. त्यांतही तीच तरतूद होती. तो २००४ मध्यें रद्द झाला. महाराष्ट्रानें संघटित गुन्हेगारीसाठीं १९९९ सालीं केलेल्या ‘मोक्का’ कायद्यांतही ही तरतूद आहे. हे कायदे करणारे सर्वच दुष्ट होते असें समजणें अन्यायाचें होईल. प्रत्येक कायद्यामागें रक्त सांडलेलें होतें, आणि ‘कांहींतरी करा’ असा लोकांचा टाहो होता. परंतु टाहो खरा असला म्हणजे त्यावरचा उपायही खरा असतो असें नाहीं.

रेल्वेस्फोटांचा खटला मोक्काखालींच चालला आणि त्यांत कबुलीजबाबांवर मोठी भिस्त होती. ते जबाब विश्वासार्ह नाहींत, असें उच्च न्यायालयाचें मत पडलें. राज्य सरकारनें लगेच सर्वोच्च न्यायालयाकडे धांव घेतली. त्या न्यायालयानें हा निकाल इतर खटल्यांत पायंडा म्हणून धरूं नये असा आदेश दिला. सुटलेल्यांस मात्र पुन्हां तुरुंगांत धाडलें नाहीं. म्हणून त्या निकालाच्या गुणदोषांचा निवाडा मी येथें करीत नाहीं. माझा मुद्दा ज्या प्रकरणांचा शेवट लागलेला आहे त्यांवरून अधिक स्पष्ट होईल.

२४ सप्टेंबर २००२ रोजीं गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावर हल्ला होऊन ३० हून अधिक माणसें मारलीं गेलीं. दोन्ही हल्लेखोर जागींच ठार झाले. त्यांच्या साथीदारांचा म्हणून जो खटला चालला त्यांत पोटा कायद्याखालील कबुलीजबाबांच्या आधारें सहा जणांस शिक्षा झाली. त्यांपैकीं तिघांस फांशीची. उच्च न्यायालयानें ती कायम केली. १६ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सहाही जणांस निर्दोष ठरविलें आणि तपासावर कडक ताशेरे ओढले. त्या दिवशीं लोकसभेच्या निवडणुकीचे निकाल लागत होते. ह्या निकालाकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं. ह्यास आपल्याकडील दोष म्हणावें, तर ज्या इंग्लंडच्या न्यायपद्धतीचे गोडवे आम्ही कॉलेजांत ऐकले तेथेंही हेंच घडलें आहे. २१ नोव्हेंबर १९७४ रोजीं बर्मिंगहॅम शहरांत दोन पानगृहांत बाँबस्फोट होऊन २१ माणसें दगावलीं. अवघ्या आठ दिवसांत पार्लमेंटनें दहशतवादविरोधी कायदा केला. सहा आयरिश माणसांस पुढल्या वर्षीं जन्मठेप झाली. त्यांतल्या चौघांच्या कबुल्या पोलिसांनीं मिळविल्या होत्या. सन १९९१ मध्यें अपील कोर्टानें त्या सर्वांच्या शिक्षा रद्द केल्या. तोंपर्यंत त्यांच्या आयुष्याचीं सोळा वर्षें तुरुंगांत गेलीं होतीं.

आतां या दोन्ही प्रकरणांत काय झालें याचा हिशेब मांडूं. निरपराध माणसांचे हाल झाले ही एक बाजू. तिच्याविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. दुसरी बाजू सहसा लिहिली जात नाहीं. कबुली हातीं आली त्या दिवशीं तपास थांबला. ज्या वाटा ताज्या होत्या त्या बुजल्या, जे साक्षीदार सांपडले असते ते पांगले. बर्मिंगहॅमचा स्फोट घडविणाऱ्या कोणासही आजवर शिक्षा झालेली नाहीं. खोट्या कबुलीनें एकाच वेळीं दोन अन्याय होतात: निरपराध आंत जातो आणि अपराधी बाहेर राहतो. ज्यांचीं माणसें गेलीं त्यांची तर दुहेरी फसवणूक होते. प्रथम त्यांस उत्तर मिळाल्याचें सांगितलें जातें; मग अनेक वर्षांनीं तें परत घेतलें जातें.

यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो, आणि तो टाळतां कामा नये. बाँब कोठें तरी ठेविला आहे, तासाभरांत तो फुटणार आहे आणि ठिकाण जाणणारा मनुष्य आपल्या ताब्यांत आहे; मग काय करावें? हा प्रश्न विचारणाऱ्यास मी निर्दय म्हणणार नाहीं. पण तो थोडा बारकाईनें पाहावा. पीडा असह्य झालेला मनुष्य खरें सांगत नाहीं. ज्यानें मार थांबेल तें सांगतो. आणि क्षणभर हा आक्षेप मान्य केला तरी त्यांतून निघतें तें एवढेंच, कीं बाँब शोधण्यासाठीं माहिती हवी. बाँब फुटून महिने लोटल्यावर कोठडींतील जबाब न्यायाधीशापुढें पुरावा म्हणून वाचावा, हें त्यांतून निघत नाहीं. आपला जुना कायदा या बाबतींत शहाणा आहे. आरोपीनें दिलेल्या माहितीवरून खरोखर एखादी वस्तु सांपडली, तर तेवढ्यापुरती माहिती तो ग्राह्य धरतो. तो शब्दावर विश्वास ठेवीत नाहीं, वस्तूवर ठेवतो.

मग राज्यानें हात बांधून बसावें काय? मुळींच नाहीं. सत्य शोधण्याची राज्याची शक्ति वाढविणारे कायदे एका जातीचे, आणि सत्य शोधण्याची गरजच कमी करणारे कायदे दुसऱ्या जातीचे. हा भेद ध्यानांत धरला म्हणजे पुष्कळ गोंधळ मिटतो. भ्यालेल्या साक्षीदारास संरक्षण द्या, त्याचें नांव गुप्त ठेवा. न्यायाधीशाच्या परवानगीनें संभाषणें ऐका. पैशाच्या वाटा तपासा. तज्ज्ञ आणि प्रयोगशाळा वाढवा. त्यासाठीं कर भरावा लागला तर मी कुरकुर करणार नाहीं. परंतु कोठडींतील कबुली पुरावा ठरविणें, किंवा जामीन जवळजवळ अशक्य करून खटला वर्षानुवर्षें लांबविणें, ह्या गोष्टींनीं तपास सबळ होत नाहीं, सैल होतो. जो मनुष्य शिक्षेवांचूनच दहा वर्षें आंत राहणार आहे, त्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करण्याची घाई कोणास असेल? खटला वाजवी मुदतींत संपत नसेल तर कडक कायद्याखालीं धरलेल्या आरोपीसही जामीन देतां येतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं सांगितलें तें म्हणूनच महत्त्वाचें आहे.

सबळ तपास कसा असतो याचें उदाहरण मुंबईनेंच दाखविलें आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं गिरगांव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनीं स्वतःच्या देहावर गोळ्या झेलून अजमल कसाब यास जिवंत पकडूं दिलें. १६६ माणसांचे प्राण घेणाऱ्या त्या हल्ल्यानंतर त्याचें वकीलपत्र घेण्यास कोणी तयार होईना. राज्यानें त्यास वकील दिला. प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार, छायाचित्रें, हत्यारें, सर्व कांहीं उघड्या न्यायालयांत तपासलें गेलें. मे २०१० मध्यें त्यास फांशीची शिक्षा झाली, ती दोन वरिष्ठ न्यायालयांनीं तपासून कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजीं येरवड्यास ती अमलांत आली. फांशीच्या शिक्षेविषयीं माझीं मतें निराळीं आहेत. तो विषय येथें नाहीं. मला सांगावयाचें आहे तें असें, कीं त्याच खटल्यांत त्याच न्यायाधीशानें दोन भारतीय आरोपींस पुराव्याअभावीं सोडून दिलें आणि वरच्या दोन्ही न्यायालयांनीं तेंही कायम केलें. त्या दोघांच्या सुटकेमुळेंच कसाबच्या शिक्षेस वजन आलें. जो तराजू ‘नाहीं’ म्हणूं शकतो त्याच्याच ‘होय’ला अर्थ असतो.

या मार्गास किंमत द्यावी लागते हें मी लपवीत नाहीं. कधीं खरा अपराधीही पुराव्याअभावीं सुटेल, आणि तो पुन्हां कांहीं करणारच नाहीं अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं. ती किंमत लहान नाहीं, आणि ती न्यायाधीशास किंवा प्रोफेसरास द्यावी लागत नाहीं. गाडीनें रोज जाणाऱ्या माणसास द्यावी लागते. परंतु दुसऱ्या मार्गाचीही किंमत त्याच माणसास द्यावी लागते, शिवाय ती दिली आहे हें त्यास कळतही नाहीं. दोन्ही मार्ग महाग आहेत. पैकीं एकाचा हिशेब निदान उघड असतो.

कांहीं आठवड्यांनीं ते स्नेही पुन्हां आले, तेव्हां यांतलें थोडेंसें मीं त्यांस सांगितलें. तुमच्या भावाचा हक्क होता आणि तो अजून आहे, असें म्हणालों. त्याच्या नांवानें कोणालातरी शिक्षा व्हावी एवढाच तो हक्क नव्हे. त्याला कोणीं मारलें हें खरेंखुरें शोधलें जावें, हा त्याचा हक्क आहे. आरोपीच्या हक्कांना छाट दिली कीं पहिला बळी ह्या हक्काचा जातो.

त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. त्यांचें समाधान झालें असें मला वाटत नाहीं. निघतांना दारांत थांबून त्यांनीं विचारलें, “मग त्याला मारलें कोणीं?”

मला माहीत नाहीं, असें मीं सांगितलें. एकोणीस वर्षांनंतर त्यांस हें ऐकावें लागावें, याहून मोठा आरोप त्या तपासावर मला करतां येणार नाहीं.