उपग्रहाची साक्ष

सूर्यचंद्रांना साक्षी ठेवून वचन देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. आता आणखी एक साक्षीदार आकाशात फिरतो आहे. लँडसॅट मालिकेतील पहिला अमेरिकन उपग्रह १९७२ साली सुटला, भारताचा आयआरएस-१ए १९८८ साली. शहरातील झाडी वाढली की घटली, हे अशा उपग्रहांच्या चित्रांवरून ठरविले जाते.

हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवून लावते. या दोहोंतील अंतर जितके मोठे, तितकी हिरवळ दाट. साक्षीदार खोटे बोलत नाही; पण विचारावे तेवढेच सांगतो. लँडसॅटच्या अलीकडच्या चित्रांतील एक चौकट तीस मीटर लांब व तितकीच रुंद असते. आपल्या कॅम्पातील एखादा वड तोडला, तर ती चौकट जराशी फिकट होईल, इतकेच. पावसाळ्यानंतर मोकळे भूखंड गाजरगवताने भरतात. तेही त्यास हिरवेच! वैशाखातील चित्राशेजारी आश्विनातील चित्र ठेवले, तर एकही रोप न लावता शहर हिरवेगार झाल्याचे दाखविता येते.

२०१६ साली बेळगावची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली आणि रस्त्यांची कामे निघाली. कर्नाटकाच्या १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार, तोडीची परवानगी देताना त्याच जागी किंवा अन्य योग्य ठिकाणी दुसरे झाड लावण्याची अट घालता येते. या ‘अन्य ठिकाणी’तच सारी गोम आहे. रस्त्यावरचा वड गेला, गावाबाहेर दहा रोपे लागली. ती जगली, तर काही वर्षांनी चित्रातील बेरीज जुळेलही. पण ऋण कोणाचे होते? त्या सावलीत भाजी विकणाऱ्या बाईचे, वडाची फळे खाणाऱ्या पाखरांचे, वटपौर्णिमेस फेरे घालणाऱ्या सुवासिनींचे. शेजाऱ्याचे घेऊन परगावच्या माणसास दिले, तर त्यास फार तर दान म्हणावे; फेड नव्हे.

म्हणून उपग्रहास दूर सारावे, असे मात्र नाही. पन्नास वर्षांपूर्वीची झाडी एरवी कोणास नेमकी आठवणार? लँडसॅटची चित्रे २००८ पासून कोणासही विनामूल्य मिळतात. आपण फक्त हिशेब भागागणिक मागावा: कॅम्पाचा कॅम्पात, टिळकवाडीचा टिळकवाडीत, आणि चित्रे दोन्ही वर्षांच्या एकाच महिन्यातील असावीत.