झुकतं माप

माणसानं आयुष्यात एकदा तरी आपली जुनी गाडी विकायला काढावी. आपण किती सत्यवचनी आहोत, हे त्याशिवाय कळत नाही. मी तेहतीस वर्षं शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवलं. पण ती मुलं माझी गाडी विकत घ्यायला आलेली नव्हती, त्यामुळं ते सोपं गेलं.

गाडी म्हणजे मारुतीची व्हॅन. तीन सिलिंडर, 796 सीसी, आणि नवी असताना पस्तिसेक घोड्यांची. 1991 साली शहाद्यात घेतली, तेव्हा आम्ही धुळे जिल्ह्यात होतो. 1998 साली नंदुरबार वेगळा झाला आणि मी, घर नि गाडी जागचे न हलता दुसऱ्या जिल्ह्यात गेलो. पाटीवर मात्र अजून 'एमएच 18'च आहे.

1950 साली जर्मनीत फोक्सवॅगनची व्हॅन निघाली, तिचं इंजिन अवघं 25 घोड्यांचं. पुढं तसल्या गाड्यांत चूलबिछाना मांडून युरोपातली पोरं थेट गोव्यापर्यंत येऊन थडकली, असं मी वाचलं होतं. मीही मागचं बाक काढलं, फळी ठोकली, गादी टाकली, स्टोव्ह ठेवला आणि तोरणमाळपर्यंत जाऊन थडकलो. यशवंत तलावाच्या काठी आम्ही चौघं त्या व्हॅनमध्ये इतक्या वेळा झोपलो, की अंधारातही कोण घोरतंय ते रागदारीसारखं ओळखता येई.

आता ती थकली. दोष कुणाचा नाही, वयाचा आहे. मिस्त्रीनं कॉम्प्रेशन मोजलं. दोन सिलिंडरं दहाच्या वर, मधलं साडेसहावर.

"मधला गडी दमेल शे, सर," तो म्हणाला. "पण काळजी नका करू. असं ट्युनिंग करून देतो, की घेणाऱ्याच्या बापालाही कळणार नाही."

वास्तविक कार्बोरेटर हे मोठं समतोल वृत्तीचं यंत्र. पेट्रोल आणि हवा यांचं लग्न लावायचं, एवढंच त्याचं काम. वजनानं एक भाग पेट्रोलला पंधराएक भाग हवा, हे प्रमाण. पेट्रोल वाढलं, तर प्लग काजळतो. हवा वाढली, तर इंजिन तापतं नि प्लग पांढरा पडतो. दोघांचं जमलं, तर प्लगचं टोक भाजलेल्या बिस्किटासारखं दिसतं. मिस्त्रीनं जेट एक नंबर मोठा घातला, एक स्क्रू पाव फेरा सोडला, दुसऱ्यानं स्लो चढवला. व्हॅन दारात उभी राहून टाळकऱ्यासारखी एका तालात वाजू लागली.

आता तुम्हीच सांगा, हे खोटं झालं का? स्क्रू तोच, पेचकस तोच. गाडी चांगली चालावी म्हणून फिरवला, तर सेवा. चांगली वाटावी म्हणून फिरवला, तर? माझ्या लग्नाच्या बोलणीत माझा दमा कुणी काढला नव्हता. स्लो मात्र चढवला होता. सौ. अजून ते बोलून दाखवते.

गिऱ्हाईक आलं. तळोद्याचे तरुण शिक्षक, त्यांची बायको आणि कडेवर लहान मुलगी. गादी पाहून पोरगी खूश.

"सर, तोरणमाळचा घाट चढेल ना?"

"अहो, ही गाडी तो घाट शंभरदा चढलीय!"

वाक्य सोळा आणे खरं होतं. फक्त भूतकाळातलं होतं. व्याकरणाच्या मास्तरला खोटं बोलायला काळ पुरतो. पण धर्मराजाचा रथ अशाच एका अर्ध्या खऱ्या वाक्यानं चार बोटं खाली आला होता, आणि त्याला तर कार्बोरेटरही नव्हता.

त्याच आठवड्यात दत्तजयंती होती. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारात उभा होतो. तिथं घेणारा घोड्याचे दात बघतो, खूर बघतो आणि मग म्हणतो, "पळवून दाखवा." दावणीला बांधलेला घोडा सगळेच रुबाबदार. आणि मला जेम्स वॉट आठवला. अश्वशक्तीचं माप त्याचं. त्याच्याआधी स्मीटन नावाच्या अभियंत्यानं घोड्याचं काम मिनिटाला सुमारे 23,000 फूट-पौंड धरलं होतं. वॉटनं 33,000 धरलं. स्वतः इंजिनं विकायला बसलेला माणूस, आणि घोड्याला दहा हजारांचं झुकतं माप देतो! मला झोप लागेना.

सकाळी शिक्षकांना फोन केला, "पैसे नंतर. आधी घाटात चला."

घाट हा गरिबाचा डायनमोमीटर. 75 किलो वजन सेकंदाला एक मीटर उचललं, की एक घोडा. माणसांसकट अकराशे किलोची गाडी सेकंदाला मीटरभर वर न्यायची, तर नुसत्या चढालाच पंधरा घोडे लागतात. माझे बरेचसे घोडे दुसऱ्याच वळणावर बसले. त्यात उंचीवर हवा विरळ, म्हणजे खाली लबाडीनं जाड केलेलं मिश्रण वर आणखी जाड झालं. आरशात काळा धूर दिसत होता. पहिल्या गिअरमध्ये धापा टाकत वर पोचलो, तेव्हा मधल्या सिलिंडरची सगळी हकिगत मी सांगून टाकली.

ते बराच वेळ तलावाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आठ हजार कमी करा, सर. इंजिन उघडून घेतो." मी लगेच 'हो' म्हटलं.

घरी आल्यावर सौ. म्हणाली, "आठ हजार गेले!"

"वॉटनं दहा हजार सोडले होते," मी जरा ताठ मानेनं म्हटलं.

"म्हणजे दोन हजारांची लबाडी अजून शिल्लक आहे तर!"

मान खाली गेली. पावसाळ्यात डाव्या खिडकीच्या वर छप्पर गळतं, नेमकं उशीवर. गडबडीत ते सांगायचं राहून गेलं होतं. निदान मी स्वतःला तसं सांगत होतो.

मी पुन्हा फोन उचलला.