स्मृती म्हणजे मोह नव्हे

देह नश्वर आहे व देही अविनाशी आहे, हा श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील बोध प्रत्येक आस्तिक गृहस्थाच्या परिचयाचा आहे. घरात मृत्यू घडला म्हणजे वडीलधारी माणसे याच बोधाच्या आधाराने शोकाकुलांचे सांत्वन करतात. परंतु याच बोधातून कित्येक सज्जनांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. देह जर टाकून दिलेल्या जीर्ण वस्त्रासारखा असेल, तर त्या देहाला मिळालेले नाव, त्याचे मृत्युस्थान, त्याची तिथी यांची जपणूक कशासाठी करावयाची? तो मोहाचाच एक प्रकार नव्हे काय? या प्रश्नाचा विचार करण्यास इंग्लंडातील एक उदाहरण फार उपयुक्त आहे. म्हणून ते प्रथम सांगतो.

पहिले महायुद्ध १९१४ ते १९१८ पर्यंत चालले. फ्रान्स व बेल्जियमच्या रणभूमीवर पडलेल्या ब्रिटिश सैनिकाला त्याचे सोबती जवळच्याच भूमीत पुरीत आणि वर एक लाकडी क्रूस रोवीत. कोणी त्यावर रंगाने नाव लिही, कोणी ते कोरी. पुढे पत्र्याच्या अरुंद पट्टीवर नाव, पलटण व मृत्युदिन ठसवून ती पट्टी क्रूसावर ठोकण्याची पद्धत पडली. १९१७ साली या कबरींच्या व्यवस्थेसाठी ‘इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन’ ही संस्था राजसनदेने स्थापन झाली. युद्धानंतर तिने लाकडी क्रूसांच्या जागी दगडी शिला उभारल्या. तेव्हा उतरविलेले क्रूस, ज्या नातलगांनी मागितले त्यांना देण्यात आले. न मागितलेले बहुतेक जाळण्यात आले. ज्यांनी ते आणविले त्यांपैकी अनेकांनी ते आपल्या गावच्या चर्चमध्ये भिंतीशी लावून ठेविले.

आता त्या गोष्टीला शंभर वर्षे लोटली. ते आईबाप गेले, भावंडे गेली. कित्येक क्रूसांना कीड लागली, रंग उडाला, पट्ट्या गंजल्या. अशा वेळी तेथील काही स्वयंसेवकांनी गावोगाव जाऊन या क्रूसांची नोंद करण्याचे कार्य हाती घेतले आहे. ते क्रूसाचे मोजमाप घेतात, छायाचित्र काढतात, पट्टीवरील अक्षर न् अक्षर उतरून घेतात, मातीत रोवल्याच्या खुणा खालच्या टोकास आहेत की नाहीत ते पाहतात आणि नाव लष्करी कागदपत्रांशी ताडून पाहतात. ज्याची नोंद करावयाची तो बहुधा त्यांचा कोणीही नसतो. या श्रमातून त्यांना धनही मिळत नाही.

येथे ज्ञानमार्गी म्हणेल, “हा सर्व काष्ठाचा मोह आहे. आत्मा अमर आहे, लाकूड कुजणारच; कुजू द्यावे.” हे बोलणे वरवर पाहता गीतेला धरून वाटते. परंतु गीतेचा उपसंहार ध्यानात घेतला म्हणजे त्यातील उणीव दिसून येते. अठराव्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन आपली स्थिती सांगतो, तेव्हा मोह नष्ट झाल्याचे आणि स्मृती प्राप्त झाल्याचे तो एकाच वेळी निवेदन करतो. तेथील स्मृती म्हणजे आत्मस्वरूपाचे व त्या अनुषंगाने स्वधर्माचे भान होय, मृत आप्तांची आठवण नव्हे, हे मान्यच आहे. तथापि त्यातून एक गोष्ट निःसंशय सिद्ध होते: मोह जाणे आणि विसर पडणे या दोन भिन्न अवस्था आहेत. मोह गेला की स्मृती स्वच्छ होते. ती पुसली जात नाही.

मोह व स्मृती यांतील भेद कसा ओळखावा? मोह म्हणतो, “हा माझा होता, तो मला परत हवा.” शुद्ध स्मृती म्हणते, “हा होता. त्याचे माझ्याकडे काही देणे आहे.” पहिलीचे तोंड घेण्याकडे, दुसरीचे देण्याकडे. ही कसोटी लावून पाहिली तर आईने मुलाचा क्रूस मागितला त्यात ममता होती हे खरे, आणि मातेच्या ममतेला दोष देण्याचा अधिकार कोणाला आहे? परंतु परक्या सैनिकाचे झिजलेले नाव गुडघे टेकून वाचणाऱ्या नोंदकर्त्याच्या ठिकाणी ‘माझे’ म्हणण्याजोगे काहीच उरलेले नसते. लाकूड टिकणार नाही हे तो जाणतो, आणि जाणूनच नोंद करतो. फळाची आशा सोडून केलेले नियत कर्म याहून वेगळे ते काय असते?

आता ज्या कुरुक्षेत्रावर गीता सांगितली गेली, तेथे युद्धानंतर काय घडले ते पाहू. स्त्रीपर्वात कथा आहे की, पडलेल्यांची संख्या किती, असे धृतराष्ट्र युधिष्ठिरास विचारतो. युधिष्ठिर संख्या सांगतो. पण तेवढ्याने काम संपत नाही. ज्यांना कोणी नाही अशांचे दहन कोण करणार, हा पुढील प्रश्न येतो. युधिष्ठिर विदुर, संजय, धौम्य आदिकांना आज्ञा करतो की, कोणाचाही देह अनाथासारखा नष्ट होऊ नये. आणि नाना देशांतून आलेल्या निराधार वीरांनाही अग्नी दिला जातो. पुढे गंगातीरी जलांजली देताना कुंती आजवर दडविलेले सत्य उघड करते व कर्णाला ज्येष्ठ भ्राता म्हणून उदक देण्यास पांडवांना सांगते. ज्याचे खरे नाते जन्मभर अज्ञात राहिले, त्याची योग्य नोंद मृत्यूनंतर झाली. आत्म्याचे अमरत्व ज्यांनी प्रत्यक्ष भगवंताच्या सान्निध्यात जाणले, त्यांनी देखील हे कर्तव्य टाळले नाही.

या प्रकरणात समत्वाचाही एक मोठा धडा आहे. १९१५ साली माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या नातवाचा देह फ्रान्समधून उकरून घरी नेण्यास खास अनुमती मिळाली. त्यानंतर लवकरच, गरिबाला जे अशक्य ते श्रीमंतालाही नको, या विचाराने देह घरी नेण्यास सर्वांनाच मनाई झाली. अधिकारी असो वा साधा शिपाई, सर्वांची शिला एकाच मापाची, असा नियम ठरला. अनेक माता-पित्यांना हा नियम कठोर वाटला, आणि मुलाच्या कबरीवरील लाकूड तरी हाती यावे म्हणून त्यांनी क्रूस मागितले. ममतेने समतेपुढे मान लवविली. समतेनेही ममतेसाठी एक लहानशी वाट मोकळी ठेविली.

परंतु ही समता सर्वत्र पाळली गेली काय? दुर्दैवाने नाही. याच युद्धात भारतातून दहा लाखांहून अधिक पुरुष परदेशी गेले. त्यांपैकी सुमारे ७४,००० मृत्यू पावले. फ्रान्समधील नव्ह-शापेल येथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर कबर नसलेल्या सुमारे ४,७०० भारतीयांची नावे आहेत. इंग्लंडातील ब्रायटनजवळ जेथे ५३ हिंदू व शीख सैनिकांचे दहन झाले, तेथे १९२१ साली छत्री बांधली गेली. पण त्यांची नावे शेजारच्या स्मारकावर कोरली गेली ती २०१० साली! मेसोपोटेमियात तर मराठा पलटणींसह कित्येक भारतीय पलटणी झुंजल्या. परंतु बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे आणि शिपायांची केवळ संख्या लिहिली गेली. त्याच कमिशनने, म्हणजे आजच्या ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन’ने, २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात मान्य केले की, भारतीय व आफ्रिकी मिळून सुमारे ४५,००० ते ५४,००० मृतांच्या स्मरणात विषमता झाली, आणि निदान १,१६,००० जणांची नावे कोठेच कोरली गेली नाहीत. त्याबद्दल क्षमायाचनाही करण्यात आली.

पाचव्या अध्यायात पंडिताचे लक्षण समदर्शन हे सांगितले आहे. एकाला नाव व दुसऱ्याला आकडा देणारी दृष्टी पंडिताची नव्हे. आत्म्याला नावाची गरज नाही, हे सत्य. पण ते सत्य केवळ दुर्बलाच्या बाबतीत आठवावे आणि बलवानाची शिला मात्र अक्षरांनी भरावी, हे ज्ञान नसून ज्ञानाच्या नावाखालील अन्याय आहे.

आणि दुसऱ्यांकडे बोट दाखविताना आपण आपल्याकडेही पाहिले पाहिजे. सातारा, रत्नागिरीकडील काही गावांत आणि पंजाबातही इंग्रजी अमदानीत बसविलेल्या शिला आहेत. या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच त्यांवर कोरलेले असते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावचे ४६ वीर त्या युद्धातून परतले नाहीत. परकीय सरकारने आकडा लिहिला. पण तो आकडा म्हणजे कोणाकोणाचे पणजोबा, हे गावकऱ्यांवाचून दुसरे कोण सांगू शकणार? कोणाच्या देव्हाऱ्यात एखादे पदक असेल, कोणाच्या ट्रंकेत निवृत्तिवेतनाचा कागद असेल, कोण्या आजीच्या तोंडी एखादे नाव असेल. ती आजी गेली की ते नाव गेले.

गृहस्थाने तर हे कर्तव्य विशेष जाणावे. आपल्या तर्पणात नाव व गोत्र उच्चारूनच उदक सोडतात, आणि ज्यांना कोणी बांधव नाही त्यांच्यासाठीही अंजली आहे. पितृपक्षात एक दिवस सवड काढून घरातील ज्येष्ठांकडून तीन-चार पिढ्यांची नावे, त्यांची गावे, त्यांच्या मृत्यूची हकीकत वहीत उतरून ठेवावी. गावात नावाविना शिला असेल तर चार जणांनी मिळून नावे शोधावीत. ज्याचा वंश खुंटला त्याचे नाव प्रथम लिहावे, कारण त्याच्यासाठी लिहिणारा दुसरा कोणी नाही. वहीदेखील एक दिवस जीर्ण होईल. होऊ द्यावी, पुढच्याने नवी करावी. नोंद अमर करण्याचा भार आपल्यावर नाही. आपल्या हयातीत ती तुटू न देणे एवढेच आपल्याकडे आहे. तेवढे श्रद्धेने करावे आणि ईश्वरचरणी समर्पण करावे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥