सुरांच्या गावाचे ऋण

एखादे गाव ज्या गोष्टीसाठी प्रसिद्ध असते ती गोष्ट त्या गावी गेल्यावर दाखविता आली पाहिजे, असे आपण गृहीत धरतो. विजापूरला गोलघुमट दाखविता येतो, हंपीला दगडी रथ दाखविता येतो, येवल्याला मागावरची पैठणी दाखविता येते आणि विकतही घेता येते. परंतु जे गाव गाण्यासाठी प्रसिद्ध आहे, तेथे आलेल्या पाहुण्याला नेमके काय दाखवावे? वरवर पाहता हा प्रश्न सहलीच्या आखणीचा आहे. आम्हांला मात्र तो दिवसेंदिवस नीतीचा प्रश्न वाटू लागला आहे, म्हणून येथे मांडीत आहोत.

आमचे वास्तव्य हुबळीत, कोप्पीकर रोडपासून हाकेच्या अंतरावर. पुण्या-मुंबईचे आप्त सुट्टी लागली की विचारणा करतात. आम्ही उभयता, दोघे मुलगे, जमल्यास आई, असे इतकेजण येऊ. दोन दिवस काढले आहेत. हुबळी-धारवाडच्या गाण्याचे जे काही असेल ते सारे दाखवा. सोबत यादीही येते. सकाळी देशपांडे नगरात गंगूबाई हनगल यांचे घर, दुपारी धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर यांचे ‘मृत्युंजय’, दुसऱ्या दिवशी कुंदगोळचा नाडगीर वाडा, आणि परतताना पेढे. यादीत चूक काढण्यासारखे काही नसते. एकदा अशाच एका यादीवर दूरध्वनीवरून बोलणे चालले असता पलीकडून एका बारा वर्षांच्या पुतणीने मध्येच विचारले, “पण काका, तिथे बघायचं काय?” मोठ्यांनी तिला गप्प केले. प्रश्न मात्र गप्प बसण्यासारखा नव्हता.

प्रामाणिक उत्तर द्यायचे तर, बघायचे फारसे काही नाही. पाहुणे आगगाडीतून उतरतात तो फलाट 1507 मीटर लांबीचा आहे आणि 2023 साली तो जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून जाहीर झाला. दाखवायचेच तर ते एक आहे. तेथून कोप्पीकर रोडला यावे तर कापडाची दुकाने, खरेदीला आलेली खेड्यापाड्यांतील कुटुंबे, दुचाक्यांची दाटी आणि भोंग्यांचा कल्लोळ. कोठल्याही भरभराटीच्या व्यापारी गावात असते तेच येथे आहे. संगीतनगरी म्हणून युनेस्कोने वाराणसीला 2015 साली, चेन्नईला 2017 साली आणि ग्वाल्हेरला 2023 साली आपल्या यादीत घेतले. आमचे जोडशहर त्या यादीत नाही. ते असते तरी रस्त्यावरचा गलबला निराळा झाला नसता. गाव गात नसते. गावातल्या काही घरांत, दार लोटून घेऊन, काही माणसे वर्षानुवर्षे एकेक स्वर घाशीत बसलेली असतात, आणि त्यांच्या मागे गावाचे नाव होते.

येथे काय घडले ते थोडक्यात आठवावे. हा प्रदेश 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता. मराठी संगीत नाटक मंडळ्यांचे मुक्काम या भागात पडत. म्हैसूर दरबाराकडे जाणाऱ्या-येणाऱ्या उत्तरेकडील गवयांना हा भाग वाटेवरचा होता. भास्करबुवा बखले काही काळ धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीत शिकवीत होते. मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ या बाजूस येत-जात, आणि त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर पुढे मराठी रंगभूमीवर सवाई गंधर्व या नावाने गाजले. त्यांच्याकडे गंगूबाई, भीमसेन जोशी आणि फिरोज दस्तूर शिकले. मन्सूर गावचे मल्लिकार्जुन आधी नीळकंठबुवांकडे ग्वाल्हेर गायकी शिकले आणि नंतर मंजी खाँ व भुर्जी खाँ यांच्याकडे जयपूर-अत्रौलीच्या वाटेला लागले. बसवराज राजगुरू पंचाक्षरी गवयांच्या हाताखाली तयार झाले. दृष्टिहीन मुलांना गाणे शिकविणारा त्या गवयांचा गदगचा आश्रम सर्वश्रुत आहे. एवढ्या थोड्या भूमीत एवढे पीक कसे आले, याची कारणे अभ्यासक नाटक मंडळ्यांत, दरबारात आणि रेल्वेत शोधतात. ती खरी आहेतच. पण त्या कारणांच्या तळाशी आणखी एक गोष्ट आहे, आणि सहलीच्या यादीत तिला जागा नसते. ती म्हणजे दिलेला वेळ.

गंगूबाई हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला शिकायला जात. अंतर वीसेक किलोमीटरचे. आज मोटारीने ते गप्पा मारता मारता संपते. पण शिकण्यासाठी तेच अंतर पुनःपुन्हा कापणे, तिथे बसणे, गुरूने दिलेला लहानसा तुकडा घोटणे, आणि परतीच्या गाडीची वाट पाहणे, यात आयुष्याचा केवढा भाग खर्ची पडला असेल? भीमसेन 1933 साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. ग्वाल्हेर, जालंधर अशी भटकंती करून अखेर ते येऊन पोहोचले कुंदगोळला, म्हणजे आपल्या गदगपासून फार दूर नव्हे अशा गावी. आणि तेथे गुरुगृही पडेल ते काम करीत शिकले. मन्सूरांचे नाव गायक म्हणून होऊ लागले होते, तरी ते मंजी खाँसाहेबांपुढे पुन्हा विद्यार्थी होऊन बसले. एकाने प्रवास केला, दुसऱ्याने घरकाम केले, तिसऱ्याने मिळालेली प्रतिष्ठा बाजूला ठेवली. तिघांनीही मोजले ते नाणे एकच होते.

हे नाणे मोजताना अपमानही सोसावा लागे, हे विसरून चालणार नाही. 1924 च्या बेळगाव काँग्रेसमध्ये स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत लहानगी गंगूबाई होती. समोर महात्मा गांधी होते. आणि गाणे संपल्यावर आपल्याला उष्टी काढायला तर लावणार नाहीत ना, ही धास्ती त्या मुलीच्या मनात होती. कारण तिच्या जन्माकडे पाहून समाज तिची पायरी ठरवीत होता. याच मुलीला पुढे 2002 साली पद्मविभूषण मिळाले आणि 2009 मध्ये ती गेली तेव्हा सारे राज्य हळहळले. तिच्या घरात पायताण काढून जाणाऱ्या आपल्यासारख्या पाहुण्याने क्षणभर तरी स्वतःला विचारावे की, हे घर आज आपल्याला वंदनीय वाटते, तसे शंभर वर्षांपूर्वी आपल्याच आजोबांना वाटले असते काय?

आपल्या परंपरेने ऋणांची कल्पना मांडली आहे. देवांचे ऋण यज्ञाने फिटते, पितरांचे संततीने, आणि ऋषींचे अध्ययनाने. या विभागणीत एक बारकावा आहे. ऋषींचे ऋण दक्षिणेने फिटते असे म्हटलेले नाही, दर्शनाने फिटते असेही नाही. ज्याने ज्ञान दिले त्याची परतफेड ते ज्ञान घेऊनच करता येते. आम्हांला वाटते, गवयाचे ऋण याच जातीचे आहे. ज्यांच्या गाण्याने आपल्या कित्येक संध्याकाळी सुसह्य केल्या, त्यांचे आपण देणे लागतो. पण ते देणे त्यांच्या तंबोऱ्याचे छायाचित्र काढून चुकत नाही. ते लक्षपूर्वक ऐकण्याने थोडेफार चुकते. ऐकण्यालाही वेळच लागतो. त्यांनी ज्या नाण्यात किंमत मोजली, त्याच नाण्यात आपणही काही मोजावे, एवढीच अपेक्षा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. मग माणसे आळंदीला का जातात? समाधीपाशी तरी पाहण्यासारखे काय असते? ज्ञानेश्वरी घरी बसून वाचता येत नाही काय? स्थळाला काही अर्थच नसता तर मिरजेत अब्दुल करीम खाँच्या कबरीपाशी गवई नतमस्तक झाले नसते. हा आक्षेप आम्ही मान्य करतो. माणसाच्या श्रद्धेला टेकायला जागा लागते. शिवाय पाहुणे आले नाहीत तर स्मारकांची दारे बंद होतील, हाही व्यवहार आहे. परंतु आळंदीला जाणारा वारकरी तेथे रिकाम्या हाताने जात नाही. हरिपाठ त्याच्या ओठावर असतो, आणि वाट त्याने पायांनी चाललेली असते. स्थळ त्याला काही नवे देत नाही. जे त्याने आधीच जवळ केले आहे त्याला ते जागा देते. गाणे जवळ न करता गवयाच्या घरी जाणे म्हणजे हरिपाठाशिवाय वारी. ती निषिद्ध नाही, पण तिला वारी म्हणू नये.

आता त्या पुतणीकडे वळू. कुटुंबाच्या सहलीत मोठ्यांचे ऋण असते आणि मुलांचा दिवस खर्च होतो. आपण ज्या गाण्यावर वाढलो त्याचा आदर मुलांनीही करावा, ही आईवडिलांची इच्छा समजण्यासारखी आहे. पण ज्याने कर्ज घेतलेच नाही त्याच्याकडून फेड मागणे न्यायाचे आहे काय? बापाने काढलेले कर्ज मुलाच्या माथी मारण्याची सावकारी रीत आपण वाईट ठरविली. मग भक्तीच्या बाबतीत तीच रीत चांगली कशी? मुलांना नमस्कार करायला लावण्यापूर्वी त्यांना काही मिळालेले असले पाहिजे. घरात महिनाभर आधी रोज अर्धा तास एखादा राग लावून ठेवावा, त्याविषयी प्रवचन करू नये, आणि मुले उठून गेली तर जाऊ द्यावे. एखाद्याच्या कानात काही राहिले, तर तो आपण होऊन विचारील की हा गाणारा माणूस राहत कुठे होता. न विचारल्यास त्याला पेढे आवडले एवढ्यावर समाधान मानावे. अनिच्छेने जोडलेल्या हातांपेक्षा आवडीने खाल्लेला पेढा अधिक खरा असतो.

आणखी एक गोष्ट मराठी माणसाने मनाशी स्पष्ट करून घ्यावी. ‘आमचे भीमसेन’ हे शब्द पुण्यात सहज उच्चारले जातात. 1953 पासून पुण्याने सवाई गंधर्वांच्या नावे महोत्सव चालविला, त्यामुळे त्या शब्दांना आधारही आहे. पण भीमसेनांनी अभंग गायिले तशी दासांची कन्नड पदेही गायिली. मन्सूरांच्या वचनगायनाचा प्राण कन्नड होता. उलट बाजूने, घरी मराठी बोलणारे बेंद्रे याच धारवाडात कन्नडचे श्रेष्ठ कवी झाले, आणि जी. ए. कुलकर्णी येथेच अध्यापन करीत मराठी कथा लिहीत राहिले. या भूमीत ‘आमचे’ या शब्दाला दोन्ही भाषांत जागा आहे, ती कोणाला वगळून मिळालेली नाही. तेव्हा येताना ‘आमच्या माणसांची घरे पाहायला आलो’ असे म्हणण्याऐवजी, ‘ज्यांच्या घरात आम्हांला न येणारी भाषा बोलली जात होती, त्यांनी आम्हांला इतके दिले’ असे म्हणावे. त्याने आपुलकी कमी होत नाही, ऋणाचा आकडा मात्र खरा होतो.

म्हणून आता कोणी विचारले तर आम्ही यादी लांबवीत नाही, अर्धी करतो. दोन दिवसांत चार घरे नकोत, एक पुरे. गंगूबाईंचे घर निवडलेत तर निघण्यापूर्वी त्यांचा एक पूर्ण ख्याल ऐकून या, मधले आलाप न गाळता. कुंदगोळला जायचे असेल तर मोटार नको, पॅसेंजर गाडीने जा. उशीर झाला तर फलाटावर बसा, तो उशीरही त्या गावाच्या गाण्याचा भाग आहे. धारवाडला जायचे तर ‘चिगरी’ बसने जा आणि एखाद्या शिक्षकाची संध्याकाळची शिकवणी चालू असेल, तर परवानगी घेऊन दाराशी बसा. तेथे बहुधा एखादे दहा वर्षांचे मूल एकच पलटा पंधराव्यांदा चुकत असेल आणि गुरुजी सोळाव्यांदा सांगत असतील. हुबळी-धारवाडच्या गाण्याचे बघण्यासारखे काही असेल तर ते हेच. ते देखणे नसते, आणि छायाचित्रात तर मुळीच येत नाही.

उरलेल्या वेळात खुशाल कोप्पीकर रोडवर खरेदी करावी. तेथील गोंगाटाबद्दल पाहुणे आमच्याकडे तक्रार करतात, जणू गावाने त्यांना सुरांचे वचन दिले होते आणि ते मोडले. गावाने असे वचन कोणालाच दिले नव्हते. दुकानदाराला त्याचा धंदा आहे, रिक्षावाल्याला त्याची घाई आहे. याच गोंगाटाच्या शेजारी राहून ज्यांनी आपला षड्ज लावला, त्यांनाही तेव्हा कोणी शांतता आणून दिली नव्हती.