प्रभुदिनानंतरचे सहा दिवस

वचन : योहान २१:१–१७



पहिला दिवस प्रभूचा व पुढले सहा आपले, असें आपण तोंडानें म्हणत नाहीं. परंतु पुष्कळदां वागतों मात्र तसें. रविवारीं धुतलेलीं वस्त्रें घालून उपासनेस जावें, गीत गावें, दान द्यावें. आणि सोमवारीं सकाळीं जणूं देवास उपासनामंदिरांत ठेवून, दारास कुलूप लावून, आपण एकटेच कामास निघावें. ह्या रीतीस योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय उत्तर देतो.

मागल्या अध्यायांत प्रभूचें पुनरुत्थान आहे. तो आठवड्याचा पहिला दिवस. यहूदी लोकांचा आठवडा श्रमानें आरंभ होऊन विसाव्यांत संपतो. आपला आठवडा उठलेल्या प्रभूच्या ठायीं विसावा घेऊन आरंभ होतो, आणि मग श्रम येतात. ह्यास्तव आपण विसावा मिळविण्यासाठीं राबत नाहीं. मिळालेल्या विसाव्याच्या बळानें राबतों. आणि उठल्यानंतर प्रभु आपल्या शिष्यांस पुन्हां कोठें भेटला? तिबिर्य समुद्राच्या कांठीं, ते आपलें जाळें ओढीत असतां.

प्रथम हें पाहा कीं, प्रभु रिकाम्या जाळ्यापाशीं येतो. ते सात जण रात्रभर खपले, पण एकही मासा सांपडला नाहीं. उपदेशक बंधूंनो, ही रात्र आपणांस ठाऊक आहे. तीन कोस चालून वस्तीवर जावें, तों ऐकावयास एक म्हातारी व दोन पोरें. सुगीमुळें बाकी सर्व शेतांत. वर्ष सरलें तरी कोणाचा बाप्तिस्मा नाहीं. गॉर्डन हॉल हे १८१३ सालीं मुंबईस आले व १३ वर्षें खपले. त्यांच्या डोळ्यांदेखत विश्वास धरणारे फार थोडे निघाले. १८२६ सालीं नाशिककडे फेरीवर असतां पटकीची सांथ भेटली. जवळचें औषध त्यांनीं आजाऱ्यांस वांटलें, आणि परततांना वाटेंत त्याच रोगानें ते मरण पावले. त्याच वर्षीं मराठी नवा करार मिशनच्या छापखान्यांतून बाहेर पडला. त्या सात जणांना सकाळीं १५३ मासे मिळाले. परंतु प्रत्येकाचें जाळें सकाळीं भरेलच, असें अभिवचन ह्या अध्यायांत नाहीं. कांठावर प्रभु उभा आहे, हें मात्र निश्चित आहे.

दुसरें हें कीं, प्रभूनें आधीं भाकर दिली आणि मग उपदेश केला. ज्यानें मरणास जिंकिलें त्यानें शिष्यांसाठीं कोळशांचा विस्तव केला व त्यावर मासळी ठेविली. भगिनींनो, चुलीपुढें धुरानें डोळे चुरचुरत असतां हें स्मरा. आपलें काम हलकें आहे असें कोण म्हणेल? पंडिता रमाबाईंनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत शास्त्राचें मराठी भाषांतर केलें व तें पुरें करून १९२२ सालीं त्या प्रभूकडे गेल्या. तें भाषांतर छापण्यासाठीं तेथल्याच स्त्रियांनीं व मुलींनीं एकेक खिळा जुळविला. कोणी व्यासपीठावर चढल्या नसतील. पण त्यांच्या बोटांनीं शुभवर्तमान सांगितलें.

तिसरें, प्रभूनें त्या विस्तवापाशीं पेत्रास तीन वेळां प्रीतीविषयीं विचारिलें. पेत्रानें नाकारिलें होतें तेंही विस्तवाजवळच. तीन वेळां उत्तर मिळतांच प्रभूनें तीन वेळां कळपाची काळजी त्याच्यावर सोंपविली. म्हणजे प्रीति रविवारीं बोलावी, आणि इतर दिवशीं ती चारून दाखवावी. मग सांगा, प्रभुभोजनास शेजारीं शेजारीं बसलेले दोन भाऊ सोमवारीं बांधाच्या हातभर जमिनीसाठीं काठ्या उगारतात, ती प्रीति कोठें गेली? घेतांना शिगेचें माप व देतांना सपाट, मजुराचा दाम आज नाहीं उद्यां, धनी पाठमोरा होतांच हात थांबले, आणि बाजाराच्या दिवशीं घरचा पैसा गुत्त्यांत गेला, तर गांवानें आपला कोणता उपदेश ऐकावा? शेजाऱ्यापाशीं शास्त्र नसेल. पण तो आपलें वागणें नित्य वाचीत असतो.

ह्यास्तव ह्या आठवड्यापासून एक नेम धरा. रोज सकाळीं कामास निघण्यापूर्वीं घरच्या सर्वांनीं मिळून एक वचन वाचावें, व त्या दिवशींचें काम, मग तें खुरपणीचें असो, दळणाचें असो कीं आजाऱ्याच्या भेटीचें, नांव घेऊन प्रभूच्या हातीं द्यावें. शनिवारीं रात्रीं आपल्या मनास तीन प्रश्न करावे : कोणाचें देणें मीं अडवून ठेविलें? कोणाशीं मीं अबोला धरिला? प्रभूच्या कोणत्या कोंकरास मीं चारिलें? जेथें उणें सांपडेल तेथें रात्रींच उठून शेजाऱ्याच्या दारीं जावें. मग रविवारचें गीत कंठांतून नव्हे, अंतःकरणांतून निघेल.

जो कांठावर उभा राहून आपल्या श्रमी लोकांची वाट पाहत होता, तो आपल्या शेतांत, घरांत व वाटेवर आपणांबरोबर असो. आमेन.