निव्वळ करडा कुठे असतो?

कार्बनची काळी शाई कागदावर विरळ पडली की तपकिरीकडे झुकते. निव्वळ करडा हवा असेल तर तिला निळसर आणि किरमिजी शाईची जोड द्यावी लागते. ज्याला रंगहीन म्हणायचे, तेच रंगांच्या टेकूवर उभे!

कृष्णधवल छायाचित्रे छापण्याच्या क्वाडटोन रिप या सॉफ्टवेअरमध्ये कोणती शाई कुठे किती पडावी हे शाईचे वक्र ठरवतात. ऊबदार आणि थंड वक्र हव्या त्या प्रमाणात मिसळता येतात: उजळ भागांत ऊब, सावल्यांत गारवा. मग खरे छायाचित्र कोणते?

छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ साली टिपलेल्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’ या छायाचित्राच्या प्रती पुढे कित्येक वर्षे काढल्या. सुरुवातीच्या प्रतींतले आकाश फिकट, नंतरच्यांतले जवळजवळ काळे. निगेटिव्ह एकच.

जैनांचा अनेकांतवाद सांगतो, की वस्तूला अनेक धर्म असतात आणि प्रत्येक विधान विशिष्ट अपेक्षेनेच, म्हणजे विशिष्ट दृष्टिकोनातूनच, खरे ठरते. ‘ही प्रत निव्वळ करडी आहे’ हेही तसेच: या कागदावर, या उजेडात. दिवा बदलला की मिश्र शाईची छटा सरकू शकते.

म्हणून काहीही चालते असे नव्हे. अपेक्षा स्पष्ट केली की विधान तपासता येते. स्पेक्ट्रोफोटोमीटर करड्या पट्टीची एकेक पायरी मोजतो, आणि हिरवट झाक आली असेल तर वक्र पुन्हा बांधावा लागतो.